सफरचंदाचा चुरा आणि १९४३ साल

श्रावण सरत आला होता. इतिहासाच्या बाई रजेवर गेल्या आणि आठवी 'ब'चा तास माझ्या वाट्याला आला. मी कार्यानुभवाची शिक्षिका. शिवण, कागदकाम, फार तर रांगोळी, एवढाच माझा शाळेतील प्रांत. कादंबऱ्या लिहिते त्या घरी, रात्री. शाळेत त्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही, आणि ते बरेच आहे. मुलांनी पुस्तके उघडली. धडा बेचाळीसच्या चळवळीचा होता. मी म्हटले, आळीपाळीने मोठ्याने वाचा. वाचन चालू असताना खिडकीकडच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ही मुलगी माझ्या तासाला नेहमी उसवलेली शिवण हातात घेऊन येते.

"बाई, इंग्रज लोक तेव्हा युद्धात होते ना? मग ते जेवत काय होते?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. पुस्तकात तोफा होत्या, करार होते, अधिवेशने होती; जेवण कुठेच नव्हते. मी म्हटले, "रेशनवर जे मिळेल ते." ती खाली बसली, आणि पुन्हा उठली.

"आणि आपण?"

तेवढ्यात घंटा झाली. शिक्षकाच्या आयुष्यात घंटेने अशी लाज अनेकदा राखलेली असते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या हाती अगदी घरगुती वाटेने आले. माझी एक भाची नॉटिंगहॅमला परिचारिका आहे. तिच्या पत्रांत, म्हणजे आता फोनवरच्या निरोपांत, एका पदार्थाचे नाव वरचेवर येई: ॲपल क्रंबल. रुग्णालयाच्या खाणावळीत तो दर आठवड्याला असतो, रोगी खातात, डॉक्टर खातात, आणि "मावशी, हा म्हणे युद्धातला पदार्थ आहे" असे तिने कधीतरी सांगितले होते. क्रंबल म्हणजे चुरा. तळाला फोडी केलेली सफरचंदे, वर पीठ, लोणी आणि साखर यांचा भुगा, आणि सगळे भट्टीत भाजलेले. बस्स. ना लाटणे, ना साचा, ना वरची नक्षी. एवढ्या साध्या वस्तूला इतिहास तो काय असणार, असे मला वाटले होते. तो पुष्कळ आहे, आणि सगळाच गोड नाही.

सुरुवात सफरचंदापासून केली पाहिजे. आपण खातो त्या सफरचंदाचे मूळ रान मध्य आशियात, तिआनशान पर्वताच्या उतारांवर, आजच्या कझाकस्तानात आहे. १९२९ साली निकोलाय वाविलॉव हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ अल्माटीला पोचला तेव्हा शहराभोवतालच्या डोंगरांवर रानटी सफरचंदांची जंगले पसरलेली त्याने पाहिली, आणि या फळाचे माहेर हेच, असे त्याने ओळखले. रेशीममार्गाने जाणाऱ्या माणसांनी आणि घोड्यांनी ते फळ पश्चिमेकडे नेले. पण बी नेले म्हणून झाड येते, तेच फळ येत नाही. सफरचंदाच्या प्रत्येक बीतून नवेच झाड निघते. दहांतली नऊ आंबट, तुरट, खुजी. कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. आंब्याची कोय टाकली तर रायवळ उगवतो, हापूस हवा तर कलमच बांधावे लागते. युरोपात सफरचंदाचे तेच. चांगले झाड सापडले की त्याची डहाळी दुसऱ्याच्या खोडावर बांधायची, आणि ते एकच झाड शेकडो वर्षे शेकडो बागांत जिवंत ठेवायचे.

इंग्रजांचे स्वयंपाकाचे सफरचंद म्हणजे ब्रॅमली. हिरवे, दांडगे, इतके आंबट की कच्चे खाणाऱ्याचे दात आंबतात. पण शिजले की फोडीची फोड राहत नाही, फेसाळ लगदा होतो. याची गोष्ट भाचीने सांगितली, कारण ते मूळ झाड तिच्या गावापासून जवळच, साउथवेल नावाच्या गावी आहे. १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने तिथल्या एका घरी सफरचंदाच्या काही बिया रुजत घातल्या. त्यांतले एक झाड वाढले. पुढे ती लग्न होऊन गेली, आणि १८५२ मध्ये वारलीसुद्धा. दरम्यान १८४६ साली ते घर मॅथ्यू ब्रॅमली नावाच्या खाटकाने विकत घेतले होते. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर हा सतरा वर्षांचा माळ्याचा पोर त्या फळावर लुब्ध झाला आणि कलमांसाठी डहाळ्या मागायला गेला. खाटीक म्हणाला, खुशाल घे, पण नाव माझे दे. तेच नाव आज जगभर आहे.

मी कादंबरीकार आहे, पात्रांना नावे देणे हा माझा रोजचा उद्योग. म्हणून ही गोष्ट मला फार लागली. जिने बी लावले ती सासरी गेली, तिला फळाचे काय झाले हे कळलेही नाही. ज्याने घर विकत घेतले त्याचे नाव राहिले. बरे, खाटकाने काही चोरी केली असेही नाही. त्याच्या अंगणात झाड होते, त्याने ते देऊ केले आणि मोबदल्यात नाव मागितले. पुष्कळ माणसे याहून पुष्कळ अधिक मागतात. १९०० च्या सुमारास ते झाड वादळात कोसळले, पण आडव्या पडलेल्या खोडातून नवे धुमारे फुटले आणि ते पुन्हा उभे राहिले. आता त्याच्या मुळांना बुरशी लागली आहे. नॉटिंगहॅमच्या विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी त्याच्या पेशींपासून रोपे तयार करून ठेवली आहेत.

आता पिठाकडे. इंग्रजांच्या घरात सफरचंद हजार रीतींनी भाजले जाई, पण मान होता तो 'पाय'चा, म्हणजे खालून-वरून पिठाच्या आवरणात बंद केलेल्या फळाचा. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांनी सुमारे १३९० साली संकलित केलेल्या 'फॉर्म ऑफ क्यूरी' या पाकपोथीत सफरचंदाच्या अशा पदार्थाची कृती आहे. त्यात सफरचंदांबरोबर नासपती, अंजीर, मनुका आणि मसाले आहेत, रंगाला चक्क केशर आहे, आणि साखर नाही! गोडवा आणायचा तो अंजीर-मनुकांनी. त्या काळी साखर औषधासारखी मोजून मिळे. आणि पिठाच्या आवरणाला त्या पोथीत जो शब्द आहे, त्याचा आज इंग्रजीत अर्थ शवपेटी. तेव्हा त्याचा अर्थ नुसती पेटी एवढाच होता. कवच कठीण असे. ते भांड्याचे काम करी.

पुढे साखर स्वस्त झाली. ती कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या पाठीवर झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. लोणीही मुबलक झाले. पायचे कवच खुसखुशीत, खाण्याजोगे झाले. त्याला लोणी पुष्कळ लागते, आणि हाताचे कसबही. थंड हात, थंड पाणी, हलके लाटणे. सुगरणपणाची परीक्षा पायवर होई, जशी आपल्याकडे ती पुरणपोळीवर होते.

या सगळ्या व्यवस्थेवर १९४० साली घाला पडला. ब्रिटन आपल्या अन्नाचा फार मोठा भाग जहाजांनी आणत असे, आणि समुद्रात जर्मन पाणबुड्या होत्या. ८ जानेवारी १९४० रोजी रेशनिंग सुरू झाले, प्रथम लोणी, साखर आणि डुकराचे खारवलेले मांस यांचे. लोणी माणशी आठवड्याला चार औंस, म्हणजे आपले सुमारे ११३ ग्रॅम; साखर बारा औंस. त्याच वर्षी जुलैत चहा आला: दोन औंस. पुढे साखर आठ औंसांवर घसरली, लोणी बहुतेक काळ दोन औंसांच्या आसपास राहिले, त्याच्या जोडीला थोडे मार्गरिन आणि थोडी स्वयंपाकाची चरबी. त्या मार्गरिनमध्ये देवमाशाचे तेलही असे. अंडे आठवड्याला एक, तेही मिळाले तर. १९४० च्या नोव्हेंबरात केळ्यांची आयात बंद झाली आणि १९४५ च्या अखेरीस पहिले जहाज परतले. तोवर पाच वर्षांची अशी मुले झाली होती की ज्यांनी केळे पाहिलेच नव्हते. ब्रिटनी आणि चॅनल बेटे जर्मनांच्या हाती गेल्यामुळे कांदा इतका दुर्मीळ झाला की तो सोडतीत बक्षीस म्हणून ठेवीत. कांद्याच्या भावावर सरकारे हलताना पाहिलेल्या आपल्या लोकांना याचे नवल वाटायचे नाही.

अन्नखात्याचा कारभार एप्रिल १९४० पासून लॉर्ड वूल्टन यांच्याकडे होता. मूळ नाव फ्रेडरिक मार्क्विस; मोठ्या दुकानांचा व्यापारी. दुकानदाराला गिऱ्हाईकाचे मन कळते, आणि हा माणूस घरोघरच्या बायकांशी दुकानदारासारखाच बोलला: आज्ञा न करता. वर्तमानपत्रांत पाककृतींच्या जाहिराती येत, सकाळी सव्वाआठच्या सुमारास बीबीसीवर 'किचन फ्रंट' हा कार्यक्रम लागे, खात्याच्या शिक्षिका गावोगाव जाऊन बाजारात चुली मांडून प्रयोग करून दाखवीत. सव्हॉय हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याने रचलेली भाज्यांची पाय 'वूल्टन पाय' म्हणून प्रसिद्ध झाली, आणि लोकांनी तिची यथेच्छ थट्टा केली. १९४२ मध्ये पांढरा पाव बंद झाला. गव्हाचा ८५ टक्के भाग पिठात ठेवणारा राखी रंगाचा सरकारी पाव आला. लोकांनी त्यालाही नावे ठेवली. पण मोजून, सारखे आणि सर्वांना मिळत होते. पाव तर युद्ध चालू असेतो रेशनवर आलाच नाही. तो आला १९४६ मध्ये, जिंकल्यावर! रेशनिंगचा शेवटचा धागा तुटला ४ जुलै १९५४ रोजी.

अशा घरात पाय कशी करायची? आठवड्याचे सगळे लोणी एका कवचात जायचे. मग तो चुरा पुढे आला. तो कोणा एकाने शोधला असे नाही, आणि युद्धापूर्वी तो अगदी नव्हता असेही नाही. १९२४ सालच्या एका अमेरिकन पाकपुस्तकात त्याचे भावंड सापडते. पण ब्रिटनच्या घराघरात त्याने मुक्काम केला तो या वर्षांत. कारण सरळ आहे. कवच दोन्ही बाजूंनी लागते, चुरा फक्त वर. कवचात चरबी कमी पडली तर ते चामड्यासारखे होते. चुऱ्यात कमी पडली तर तो थोडा कोरडा होतो, एवढेच. पिठाऐवजी शिळ्या पावाचा भुगा चालतो, ओट चालतात, मार्गरिन चालते. राखी पीठ तर उत्तमच. सफरचंद परसातले किंवा शेजारचे. त्याला रेशनकार्ड लागत नव्हते. आणि रविवारी दुसऱ्या कशासाठी भट्टी पेटलीच असेल तर तिच्याच उबेत हेही भाजून निघे, जळण वाचे.

इतके वाचल्यावर ते करून पाहणे भागच होते. मी मुंबईहून आणलेली चार चकचकीत लाल सफरचंदे घेतली. यांचाही इतिहास आहे. फिलाडेल्फियाचा सॅम्युएल स्टोक्स हा तरुण १९०४ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी हिंदुस्थानात आला, शिमल्याजवळ कोटगढला स्थायिक झाला, आणि १९१६ च्या सुमारास त्याने अमेरिकेहून 'डेलिशस' जातीची रोपे आणून तिथे लावली. आज हिमाचलच्या डोंगरांवर जे सफरचंदांचे राज्य आहे त्याचा पाया तो. हाच माणूस पुढे असहकारितेत तुरुंगात गेला, हिंदू झाला, सत्यानंद स्टोक्स म्हणून राहिला. फळ गोड आणि रूपवान; पण या पदार्थाला नेमके जे हवे, ती आंबटपणाची धार त्याच्यात नाही. अर्धे लिंबू पिळल्यावर काम भागते.

पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. दीडशे ग्रॅम कणीक, पाऊणशे ग्रॅम लोणी, तेवढीच साखर, असे प्रमाण घेतले. लोणी पिठात घालून चोळू लागले, आणि माझ्या हातांनी, मला न विचारता, शेजारच्या तांब्यातले पाणी ओतून गोळा मळून टाकला! पंचवीस वर्षे रोज कणीक मळणाऱ्या हातांना मध्येच थांबणे ठाऊकच नाही. तो गोळा वर थापून भाजला. वाफाळत्या सफरचंदांवर एक जाड, ओली दशमी तयार झाली. घरच्यांनी ती निमूटपणे खाल्ली. निमूटपणा हाच आमच्या घरी सर्वांत कडक अभिप्राय.

रात्री विचार करताना उलगडा झाला. हे तर आपले मोहन! दिवाळीत शंकरपाळ्यांना, करंजीच्या पारीला आपण काय करतो? पिठात तूप घालून दोन्ही तळहातांत चोळतो, आणि मुठीत दाबले की मूठ वळते का ते पाहतो. मूठ वळली की मोहन बरोबर. तुपाने पिठाचा कणन्‌कण माखतो, म्हणून नंतर पाणी घातले तरी पीठ चिवट होत नाही, खुसखुशीत राहते. क्रंबल म्हणजे त्या मुठीपाशी थांबलेली करंजी. पुढे पाणी नाही, मळणे नाही, लाटणे नाही. आमच्याकडे जी पहिली पायरी, ती त्यांच्याकडे पूर्ण पदार्थ झाली, कारण पुढच्या पायऱ्या चढायला लोणी उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तांब्या ओट्यावरून खालीच काढून ठेवला. सफरचंदांच्या साली काढून बोटभर फोडी केल्या, लिंबू, दोन चमचे साखर आणि दालचिनीची चिमूट लावून भांड्यात दाबून बसवल्या. लोणी चांगले थंड घेतले, पिठाला बोटांच्या टोकांनीच चोळले. तळहात उबदार असतो, तो लोणी वितळवतो. जाडाभरडा रवा दिसू लागला की थांबायचे, मग साखर मिसळायची. काही वाटाण्याएवढे गोळे राहिले तर राहू द्यावेत, ते जास्त कुरकुरीत होतात. हा चुरा वर पसरायचा, पण दाबायचा नाही, नाही तर खालची वाफ कोंडते. माझ्याकडे भट्टी नाही. कुकरची शिट्टी आणि रबर काढून तळाला मिठाचा थर दिला, दहा मिनिटे तापवला, आत भांडे ठेवून पाऊण तास मंद आच. ज्यांच्याकडे भट्टी आहे त्यांनी १८० अंशांवर चाळीस मिनिटे ठेवावे. कुकरमध्ये खालून सगळे शिजते, पण वरचा चुरा पांढराच राहतो. उष्णता वरून नाही ना!

इथे मला माझी आजी आठवली. रत्नागिरीच्या बाजूला आमचे घर. गणपतीच्या दिवसांत वेलावर तवशी इतकी लागत की माणसे खाऊन कंटाळत. मग एखादे जून, पिवळे तवसे किसून आजी धोंडस करी. भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओले खोबरे, तवशाचा कीस आणि त्याचेच पाणी, वेलदोडा. पातेल्याला तळाशी केळीचे पान. चुलीवर मंद निखारे, आणि झाकणावरही निखारे. वर-खाली विस्तव. तासाभराने झाकण काढले की वरून तांबूस, कडांनी खरपूस. तवसे काय आणि सफरचंद काय, वनस्पतिशास्त्राने दोन्ही फळेच. भट्टीवाचून भाजलेला फळाचा गोड पदार्थ आमच्या स्वयंपाकघरात होताच, आणि मी तो परदेशातून शिकत बसले होते. माझ्या सदनिकेत निखारे कुठले? पण बिडाचा तवा होता. तो लाल होईस्तोवर तापवला आणि भांड्यावर उपडा झाकला. दहा मिनिटांत चुरा तांबूस झाला. सफरचंदाचा रस कडांनी उकळून वर आला होता आणि काकवीसारखा चिकट झाला होता. या खेपेला घरातले बोलले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे ताटात आले. दुसरा प्रश्न तसाच होता.

आजीचा जन्म १९३१ चा. तिच्या तोंडी एक वाक्य नेहमी असे: "रंगून पडलं त्या साली." आम्ही मुले समजत असू, रंगून म्हणजे गावातला कुणाचा तरी वाडा. पुढे कळले की मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा बंद झाला. "त्या साली आणि पुढल्या साली नाचणीची पेज. धोंडस नाही झालं," एवढेच ती सांगे. तवशी असत, गूळ असे. रवा काढायला तांदूळ नसे. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले. कोकणात, मुंबईत माणसे अर्धपोटी राहिली, पण तगली. बंगालात तसे झाले नाही.

तिथे ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरवर चक्रीवादळ कोसळले. त्याआधीच, जपानी आले तर त्यांना काही मिळू नये म्हणून, किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांतला तांदूळ सरकारने उचलला होता आणि दहांहून अधिक माणसे नेऊ शकणाऱ्या नावा ताब्यात घेतल्या होत्या. नद्यांच्या त्या मुलखात नाव गेली म्हणजे मासे गेले, बाजार गेला, पलीकडचे शेत गेले. युद्धखर्चासाठी नोटा छापल्या जात होत्या, भाव चढत होते, प्रांत एकमेकांना धान्य देत नव्हते, साठेबाज वाट पाहत होते. तांदूळ अजिबात नव्हता असे नाही. मजुराच्या, कोळ्याच्या, न्हाव्याच्या हातात तो विकत घेण्याएवढे काही उरले नव्हते. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात हेच मांडले, आणि त्यांनी तो दुष्काळ नऊ वर्षांच्या डोळ्यांनी पाहिला होता. लंडनकडे धान्याची जहाजे मागितली गेली; आली ती फार थोडी आणि फार उशिरा. सरकारी चौकशी आयोगाने मृत्यू पंधरा लाख धरले. नंतरच्या अभ्यासकांपैकी बहुतेकांचा अंदाज तीस लाखांच्या आसपास जातो.

म्हणजे ज्या वर्षी नॉटिंगहॅमची गृहिणी दोन औंस लोणी चुऱ्याला पुरवून आणत होती, त्याच वर्षी त्याच राजाच्या दुसऱ्या प्रजेची माणसे कलकत्त्याच्या दारोदार हिंडत "फॅन दाओ" म्हणत होती. फॅन म्हणजे भात शिजल्यावर ओतून टाकतात ते पाणी. भातसुद्धा मागत नव्हती. तो मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. मी हे वाचले त्या रात्री उरलेला क्रंबल झाकून ठेवला होता. त्या बाईचा मला राग आला नाही. तिने कोणाचे काही घेतले नव्हते, तिला मोजून मिळत होते त्यात ती मुले वाढवत होती. पण मोजून देणारे जे खाते तिच्यासाठी सकाळी सव्वाआठला बोलत होते, तसे कोणी मेदिनीपूरच्या बाईशी बोलले नाही. त्याच राज्याला एका बेटावर चमचा चमचा साखर वाटता येत होती. म्हणजे वाटता येत नव्हते असे म्हणायला जागा नाही.

आणि तो वाविलॉव? जगातून उपासमार जावी म्हणून त्याने देशोदेशीचे बियाणे गोळा केले होते. स्टालिनच्या सरकारने त्याला १९४० मध्ये पकडले, आणि २६ जानेवारी १९४३ रोजी तो सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने खंगून मेला. वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्ये त्याच्या संस्थेतील काही सहकारी बियाण्यांच्या पोत्यांशेजारी भुकेने मेले; ते बियाणे त्यांनी खाल्ले नाही. १९४३ हे साल मी त्या आधी नुसते साल म्हणून वाचत होते.

पुढल्या आठवड्यात इतिहासाच्या बाई अजून रजेवरच होत्या. मी वर्गात एक डबा नेला आणि काही चित्रे नेली. चित्रे चित्तप्रसाद भट्टाचार्य यांची. हा तरुण १९४३ मध्ये मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडला आणि दिसले ते काळ्या शाईने काढीत गेला. 'हंग्री बेंगॉल' या नावाने ती चित्रे आणि टिपणे छापली, तेव्हा सरकारने जवळजवळ सगळ्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. पुढे तो मुंबईत, अंधेरीला येऊन राहिला आणि पुष्कळ वर्षे तिथेच चित्रे काढीत राहिला. मुलांना चित्रे हातोहात दिली. वर्ग एरवी गोंगाटी आहे. त्या दिवशी शेवटच्या बाकापर्यंत शांतता होती.

डबा आधी द्यावा की नंतर, याचा मी घरून विचार करून गेले होते, आणि तरी चुकलेच. चित्रांनंतर कोणी डब्याला हात लावीना. शेवटी त्या खिडकीकडच्या मुलीनेच चमचा घेतला. खाऊन झाल्यावर म्हणाली, "बाई, हे शिळ्या पावाचं पण होतं का?" मी म्हटले, होते. मग मी मेरी ॲनची गोष्ट सांगितली, खाटकाची सांगितली, आणि निघताना एकच अभ्यास दिला: घरी जे सर्वांत म्हातारे माणूस असेल त्याला विचारा, तुमच्या आठवणीतल्या वाईट साली काय खाल्लेत?

बेचाळीस-त्रेचाळीस आठवणारे आता कोणाच्या घरी नव्हते. बहुतेक वह्यांत १९७२ चा दुष्काळ आला: खडी फोडण्याची कामे, परदेशी लाल ज्वारी, हंडाभर पाण्याची रांग. त्या मुलीच्या वहीत दीडच ओळ होती. तिने ती वाचून न दाखवता मधल्या सुट्टीत माझ्यापाशी आणली.

"माझी आजी म्हणते, कामावर सुकडी द्यायचे. पिठाची, गुळाची, तेल घातलेली. मूठ मूठ द्यायचे." आणि जरा थांबून, "बाई, तो पण चुराच की."

आजी कुठे असते, असे मी विचारले. शाळेच्या मागच्याच वस्तीत, आणि सुकडी तिला अजून करता येते. शनिवारी सकाळची शाळा असते. आजी येते म्हणाली आहे. गूळ मी आणायचा आहे.